नववी ब ची निवडणूक आणि आपलं नागरिकशास्त्र

संपादक मंडळातून फोन आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. "तू कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलंस, तेव्हा आपल्या वेळच्या नागरिकशास्त्रावर तूच लिही. थोडा इतिहास येऊ दे, नुसत्या आठवणी नकोत," असा हुकूम होता. आठवणींचे लेख म्हणे भरपूर आलेत, त्यात गॅदरिंगवर चार आणि मधल्या सुट्टीतल्या बोरांवर तीन. म्हणून हा इतिहासाचा लेख. पण आपल्या बॅचच्या, म्हणजे मार्च १९७८ च्या दहावीच्या, नागरिकशास्त्राचा इतिहास लिहायचा तर त्यात मी स्वतः येतो, आणि फारसा चांगला दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

नावं कोणाचीच घालत नाही. आपले इतिहास-नागरिकशास्त्राचे सर म्हणजे बारा महिने छत्री बाळगणारे सर, एवढं पुरे. बाकीचे ज्याचे त्याने ओळखावेत. लिहिताना माझ्यासमोर नववीची नागरिकशास्त्राची वही आहे. आईने ती ट्रंकेत जपून ठेवली होती. कशासाठी, ते तिलाच माहीत.

आधी थोडं मागचं. आपल्याकडच्या शाळांत 'नागरिक' हा शब्द मताधिकाराच्या पुष्कळ आधी आला. मुंबई इलाख्यातले एक सनदी अधिकारी विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९७ साली 'द सिटिझन ऑफ इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं आणि ते शाळांतून चाललं. त्यात गाव आहे, जिल्हा आहे, टपाल, रेल्वे, दवाखाने, पोलीस आहेत, आणि हे सगळं देणाऱ्या सरकारशी इमानाने कसं वागावं याची शिकवण आहे. त्या नागरिकाला मत मात्र नाही. पुढे १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मतं दिली तीही जमीन, कर किंवा शिक्षण पाहून. तेव्हाचा कुळवाडी किंवा शेतमजूर त्यात जवळजवळ कुठेच बसत नव्हता. मग १९५० साली एकदम, लिहिता येवो न येवो, एकवीस वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत मिळालं. ज्यांना मत दिलं त्यांतले बहुतेक निरक्षर, आणि त्यांची मुलं नुकती कुठे शाळेत जाऊ लागलेली. म्हणूनच १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेचं पहिलं काम कोणतं म्हणून सांगितलं, तर लोकशाहीला लायक नागरिक घडवणं. त्यानंतर कोठारी आयोग झाला, १९६७ साली पुण्याला बालभारती निघाली, १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. आपण त्या नव्या रचनेत वाढलो. अहवालांत एवढं मानाचं पान असलेला हा विषय प्रत्यक्षात मात्र इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेला. लढाया आणि तह संपले की वेळ उरला तर शिकवायचा, नाहीतर "घरी वाचून या."

आपले सर उलटं करायचे. जूनमध्ये पहिला तास नागरिकशास्त्राचा. याचं कारण त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही. त्यांचं लहानपण पत्रीसरकारच्या टापूत गेलेलं. १९४३ ते ४६ ही वर्षं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत इंग्रजांचं राज्य नावालाच होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं गावात बसून तंटे मिटवायची, दारूबंदी करायची, साध्या पद्धतीने लग्नं लावायची. सर हे सगळं अभिमानाने सांगत. पण एकदा कोणीतरी तळपायावर काठ्या मारण्याच्या शिक्षेबद्दल मिटक्या मारत विचारलं, तेव्हा सरांचा चेहरा बदलला. "शिक्षा झालेला माणूस खरंच दोषी होता की नव्हता, हे पुन्हा कोणाकडे तपासायला जायचं? तिथं अपील नव्हतं रे," एवढंच ते म्हणाले आणि फळा पुसायला वळले. वहीत या वाक्याची नोंद नाही. माझ्या डोक्यात ते राहिलं त्याचं कारण पुढे येईल.

आपण आठवीत गेलो आणि शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते तोच, २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. गावात तसं काही दिसलं नाही. एस.टी. वेळेवर यायला लागली, कचेरीतले लोक जागेवर सापडायला लागले, आणि माझ्या वडिलांसारखे लोक म्हणायचे की देशाला हेच हवं होतं. पेठेतल्या एका दुकानदाराला आणि तालुक्याच्या एका शिक्षकाला रात्री उचलून नेल्याचं मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. सर रजा टाकून गेले. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, समोर श्रोत्यांत खुद्द यशवंतराव चव्हाण, आणि बाईंनी लेखनाच्या स्वातंत्र्यावर बोलायचं सोडलं नाही. आजारी जयप्रकाशांसाठी मंडपात प्रार्थनाही झाली. सर परत आले ते दोन दिवस अगदी खुशीत होते. आम्हाला त्यांनी सांगितलं एवढंच, की संमेलनातलं जेवण चांगलं होतं.

आता १९७६. आपण नववीत. दरवर्षी जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक व्हायची, आठवतंय? मुख्यमंत्री दहावीचा, बाकीची खाती आठवी-नववीला. जिन्यावर खडूने लिहिलेल्या घोषणा, पेरूची लाच, आणि निवडून आल्यावर शपथविधीला पेढा. त्या वर्षी प्रार्थनेनंतर हेडसरांनी जाहीर केलं की निवडणुकीत वेळ जातो, गट पडतात, शिस्त बिघडते. तेव्हा यंदा मंत्रिमंडळ शाळाच नेमेल. यादी वाचली. त्यात शिस्तमंत्री म्हणून माझं नाव होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा नंबर तिसरा-चौथा असायचा, कपडे इस्त्रीचे असायचे, आणि वडील स्कूल कमिटीवर होते. या तीन गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीमुळे मी शिस्तमंत्री झालो, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं. छातीला लावायला लाल फीत मिळाली आणि ती मी घरीसुद्धा काढत नसे.

ऑगस्टमध्ये सरांनी आमच्या वर्गात, नववी ब मध्ये, मॉनिटरची निवडणूक घेतली. त्यांनी हे बंड म्हणून केलं नाही. "पुढचा धडा मतदानाचा आहे, तो करून बघू," असं म्हणून सुरुवात केली. पण केलं ते सगळं नियमाने. हजेरीपटावरून मतदार यादी तयार करून ती भिंतीला लावली आणि दोन दिवस हरकती मागवल्या. एका मुलीचं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते तिने येऊन दुरुस्त करून घेतलं. तीन उमेदवार उभे राहिले: मी, मागच्या बाकावरचा एक विनोदी गडी, आणि बोर्डिंगमधला तो. तो वरच्या वाडीचा, उंच, कमी बोलणारा, गणितात बरा आणि इंग्रजीत कच्चा. प्रत्येकाला तीन मिनिटं भाषण. मी शिस्तीवर बोललो. विनोदी गड्याने दर शनिवारी तास बुडवायचं आश्वासन दिलं. बोर्डिंगवाल्याने सांगितलं की पावसात कौलं गळतात तिथली दोन बाकं रोज आळीपाळीने बदलू, म्हणजे रोज तेच चौघं भिजणार नाहीत. एवढं बोलून तो खाली बसला. त्याची दोन मिनिटं शिल्लक होती.

परीक्षेच्या पुरवण्यांचे उरलेले कागद कापून मतपत्रिका केल्या. खडूची रिकामी पेटी वर्गाला उलटी करून दाखवली आणि मग तिला सुतळीने बांधून लाखेचं सील केलं. कोपऱ्यात नकाशाच्या आडोशाला टेबल ठेवलं. फाउंटन पेनची शाई काडीने डाव्या हाताच्या तर्जनीला लावली. पट ५८ चा, हजर ५६. मतदानाला अख्खा तास गेला. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीला लटकून बघत होती.

मोजणीला सरांनी मला पुढे बोलावलं. एकेक चिठ्ठी उघडायची, सगळ्यांना दाखवायची आणि नाव मोठ्याने वाचायचं, हे काम माझं. विनोदी गड्याने फळ्यावर रेघा मारायच्या. मला वाटलं, मी शिस्तमंत्री म्हणून हा मान आहे. पुढे तीस वर्षं निवडणूक प्रक्रिया शिकवताना मला समजलं की मोजणीच्या टेबलाला हरणाऱ्याची माणसं बसवतात ती याचसाठी: त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की मागून तक्रार राहत नाही. सरांना निकालाचा अंदाज असणार. वहीच्या मागच्या पानावर पाच-पाच रेघांच्या जुड्या अजून आहेत: बोर्डिंगवाला ३१, मी १७, विनोदी गडी ६, बाद २. बाद मतांतल्या एका चिठ्ठीवर कोणीतरी हेमामालिनी लिहिलं होतं.

आता मला न शोभणारा भाग. त्या संध्याकाळी मी घरी रडलो. मी हरलो एवढंच सांगितलं असतं तर वडील हसले असते. मी सांगितलं की हेडसरांनी निवडणुका बंद केल्या असताना सरांनी मुद्दाम घेतली आणि मुलांना चिथावलं. 'चिथावलं' हा शब्द मी त्या वर्षी रेडिओवर ऐकलेला. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. त्यांच्या मनात सरांचं वाईट करायचं होतं असं मला आजही वाटत नाही; पण ते दिवस असे होते की असा शब्द एकदा कोणाच्या कानावर घातला की तो आपापल्या पायांनी पुढे जायचा. सरांना लेखी खुलासा मागितला गेला. निवडणूक रद्द झाली आणि पहिल्या नंबरचा मुलगा मॉनिटर नेमला गेला. बोर्डिंगवाला अकरा दिवस मॉनिटर होता. त्या अकरा दिवसांत गळक्या जागची बाकं रोज बदलली, हे मात्र सगळ्यांना आठवत असेल.

वर्गाला हे कळलं नव्हतं की बातमी माझ्या घरून गेली. कित्येकांना ते हा लेख वाचूनच कळेल.

पुढच्या तासाला सरांनी मूलभूत हक्कांचा धडा काढला. तेव्हा आपण सात हक्क पाठ केले होते, मालमत्तेचा धरून; आता मुलं सहा पाठ करतात. सात नावं फळ्यावर लिहून झाल्यावर सरांनी शेवटच्या हक्काखाली रेघ मारली: घटनात्मक उपायांचा हक्क. बाकीचे सहा हक्क मोडले तर न्यायालयात जाता येण्याचा हक्क. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत याच कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं होतं, हेही सांगितलं. मग सरांनी आणीबाणीचं नावही न घेता वर्गाला विचारलं, "आपला मॉनिटर निवडून आला होता. तो आता मॉनिटर नाही. त्याला दाद मागायची असेल तर त्याने कोणाकडे जायचं?"

"हेडसरांकडे," चार-पाच जण म्हणाले.

"आणि त्याला काढलं कोणी?"

वर्ग गप्प झाला. पत्र्याच्या शेडमधून सायकली पडल्याचा आवाज आला, तोही कोणी वळून पाहिला नाही. सर म्हणाले, "विचार करा," आणि घंटा व्हायला पंधरा मिनिटं असताना पुस्तक मिटून खुर्चीत बसले. सर खुर्चीत बसलेले आपण त्याआधी कधी पाहिले नव्हते.

त्या तासाला देशात काय चालू होतं ते मला एम.ए. ला कळलं. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समानता, जीवित आणि अटकेपासूनचं संरक्षण या हक्कांसाठी कोर्टात जाण्याचीच वाट बंद झाली होती. हक्क घटनेत छापलेले होते, पण ते मागायची खिडकी बंद. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तेच कायम केलं. वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दिल्लीची कोर्टाची इमारत दिसलीच नाही; नववी ब, फळ्यावरची रेघ आणि खुर्चीत बसलेले सर दिसले. आणि अर्थातच ते तळपायावरच्या काठ्यांचं अपील.

त्या हिवाळ्यात सरांचे बरेच तास बुडाले. शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या 'केसेस' आणायचं काम लागलं होतं. शनिवारी शाळा सुटली की सर छत्री घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचे. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली आपल्या विधिमंडळाने मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आपल्याला त्या वयात 'केस' या शब्दावर फिदीफिदी हसू यायचं. सोमवारी धुळीने भरलेल्या चपला घालून वर्गात उभे राहिलेले सर जीविताचा हक्क शिकवताना काय विचार करत असतील, हे आपल्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. त्यांच्या खात्यावर किती केसेस लागल्या, ते मी नंतरही त्यांना विचारू शकलो नाही.

जानेवारीत बेचाळीसावी घटनादुरुस्ती अमलात आली. घटनेच्या सरनाम्यात (आता त्याला उद्देशिका म्हणतात) समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द आले, शिवाय दहा मूलभूत कर्तव्यं आली. सरांनी सरनामा फळ्यावर पुन्हा लिहून आपल्याकडून वहीत पेनाने दुरुस्ती करून घेतली. माझ्या वहीत ते दोन शब्द ओळींच्या मध्ये, वरून खुणेचा बाण काढून घातलेले आहेत. घटना बदलता येते, हे त्या बाणाने जेवढं समजलं तेवढं नंतर कुठल्या व्याख्यानाने समजलं नाही. त्याच महिन्यात, १८ तारखेला, लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या.

मार्चमध्ये आपली शाळा मतदान केंद्र झाली. आदल्या दिवशी आपणच बाकं हलवली, आणि बुथाची मांडणी पाहून विनोदी गडी ओरडला, "अरे, ही तर आपली नववी ब!" आडोसा, टेबल, यादी, शाई, सगळं त्याच क्रमाने. सरांची ड्युटी दुसऱ्या गावाला होती, त्यांनी हे पाहिलं नाही. निकालात आपल्या साताऱ्याने यशवंतरावांनाच निवडून दिलं, आणि दिल्लीत मात्र सरकार उलटलं. दोन्ही गोष्टी त्याच मतपेट्यांतून निघाल्या. माझे वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. २१ मार्चला आणीबाणी उठली. २२ ला की २३ ला, सर वर्गात आले, त्यांनी हजेरी घेतली आणि वार्षिक परीक्षेची उजळणी सुरू केली. काहीतरी मोठं बोलतील म्हणून आम्ही कान टवकारून बसलो होतो. त्यांनी तह विचारले.

जूनमध्ये, आपण दहावीत, मंत्रिमंडळाची निवडणूक परत सुरू झाली. बंद का केली होती आणि सुरू का केली, यावर शाळेत कोणी चकार शब्द काढला नाही. मी उभा राहिलो नाही. बोर्डिंगवाला मुख्यमंत्रिपदाला उभा राहिला आणि चांगला आपटला. निवडून आली ती आपल्या तुकडीतली मुलगी, शाळेची पहिली मुख्यमंत्री. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसवून घेईन, एवढं एकच आश्वासन तिने दिलं होतं, आणि तेही मुलांसमोर न लाजता. मुलींची एकजात मतं तिला गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर दार बसलं. मुदलियार आयोगाला काय अपेक्षित होतं ते मी अहवालात वाचलंय. पण माझ्या डोळ्यांसमोर ते हिरव्या रंगाचं, जरा वाकडं बसलेलं दार येतं.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही कोर्टात मागता येईल अशी सोय केली. १९७६ चा तो निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे चुकीचा ठरवला तो २०१७ साली. दरम्यान मतदानाचं वय १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आलं, कर्तव्यं दहाची अकरा झाली, पुस्तकाच्या नावात वरच्या इयत्तांना नागरिकशास्त्राऐवजी राज्यशास्त्र आलं, आणि २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत उद्देशिकेचं वाचन सुरू झालं. नव्या पुस्तकांत चित्रं, चौकटी, 'करून पाहा' पुष्कळ आहे. माझ्या नातीचं पुस्तक मी पाहिलं, चांगलं आहे. शाळेत वर्गप्रतिनिधी कसा निवडता, म्हणून विचारलं. "टीचर ठरवतात," ती म्हणाली.

यात तिच्या शाळेला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मी राज्यशास्त्र घेतलं ते काही त्या निवडणुकीतल्या पराभवाने प्रेरित होऊन नव्हे. बारावीला मार्क कमी पडले, कला शाखा मिळाली, आणि त्या कॉलेजात इतिहासाची तुकडी भरली होती. पुढे प्राध्यापक झालो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका गेल्या. त्याला कारणंही होती. मारामाऱ्या, पैसा, बाहेरचे पक्ष, आणि खूनही झालेले होते. त्याऐवजी वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी. दरवर्षी ती यादी करून तिच्यावर सही करायचं काम विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे असायचं. वीस वर्षांहून जास्त मी ती सही केली. हेडसरांचेच शब्द होते, वेळ जातो, गट पडतात, शिस्त बिघडते. फक्त आता ते स्टाफरूममध्ये मी बोलत होतो. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण मी निवृत्त होईपर्यंत आमच्या कॉलेजात मतपेटी काही आली नाही. मी आणायचा प्रयत्न केला, असंही म्हणता येत नाही.

सरांना मी शेवटचं भेटलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते खूप थकले होते. नमस्कार केला तर म्हणाले, "काय शिकवतोस हल्ली?" मी अभ्यासक्रम सांगितला. "मुलांकडून निवडणूक घेतोस का वर्गात?" मी म्हणालो, "नाही सर, आता तशी पद्धत नाही." ते हसले. मग उठून आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. त्यांच्या खुलाशाची कार्बन प्रत होती. चार ओळी: पाठ्यपुस्तकातील घटक शिकवण्यासाठी प्रात्यक्षिक घेतलं, साहित्य म्हणून वाया गेलेल्या पुरवण्या वापरल्या, शाळेचा कोणताही खर्च झालेला नाही. मी वाचून परत दिली. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. इतक्यात बाईंनी चहा आणला, आणि सर पावसाबद्दल बोलायला लागले. त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला कधीच कळणार नाही. पण इतक्या विद्यार्थ्यांतून ती फाइल त्यांनी माझ्यासमोरच का काढली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. सर गेले त्याला आता काही वर्षं झाली.

बोर्डिंगवाल्याला मात्र सांगितलं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ग्रुपवरून त्याचा नंबर काढला. तो एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, आता वाडीलाच असतो, दोन म्हशी आहेत. मी सगळं सांगितलं. वडील, 'चिथावलं', खुलासा. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटलं फोन कट झाला.

"ते मला ठाऊक नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "वाईट वाटलं तेव्हा. बोर्डिंगात दोन दिवस जेवलो नाही. त्या आठवड्यात भाकऱ्या थापायची पाळी माझी होती, तरी नाही जेवलो." मग जरा थांबून, "पण मला त्यातलं जास्त काय आठवतं सांगू? तू एकेक चिठ्ठी उघडून माझं नाव वाचत होतास. आमच्या वाडीतल्या माणसाचं नाव तोवर एवढ्या वेळा कोणी मोठ्यानं वाचलं नव्हतं. बत्तीस वेळा."

मी म्हणालो, एकतीस.

"बत्तीस," तो म्हणाला. "मी मोजत होतो."

हे सगळं छापू का, म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, छाप, पण माझं नाव नको घालू, सुनेला वाटेल म्हातारा अजून निवडणुका लढवतोय. मेळाव्याला तो येणार आहे, आदल्या रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीने. मी वही घेऊन येतोय. मागच्या पानावरच्या जुड्या दोघांनी बसून पुन्हा मोजायच्या असं ठरलंय. विनोदी गड्यानेही वेळ काढून यावं, फळ्यावर रेघा त्याने मारल्या होत्या.